गाडीखालचा आवाज: सायलेन्सर बदलायच्या आधी सांधे बघा

अहमदपूरच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, रोजचं चालणं गावातल्या गावात तीन-चार किलोमीटर. सकाळी चालू केली की बॉनेटखालून टक-टक आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. गतिरोधकावर खालून खण्ण वाजतं. अ‍ॅव्हरेज पडलंय. रेल्वे गेटला एसी लावून थांबलं की आत धुराचा वास येतो. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण सायलेन्सर लाईन बदला.

दादा, लाईन बदलू नका, निदान इतक्यात तरी नको. मागचा डबा सडला असता तर आवाज भसाडा झाला असता, गार असो की गरम, सारखाच. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं सांध्यांची आहेत, आणि सांध्याचं काम पूर्ण लाईनपेक्षा खूप स्वस्तात होतं.

आधी गाडीखाली काय काय असतं ते बघू. इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा भाग, त्याच्यापुढं खाली उतरणारा पाईप, कुठंतरी धुरातले विषारी गॅस कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गॅरेजात त्याला नुसतं 'कॅट' म्हणतात), मग जाळीचा लवचिक तुकडा म्हणजे फ्लेक्स, मधला लांब पाईप आणि शेवटी डबा. आपण या सगळ्याला मिळून सायलेन्सर म्हणतो, म्हणून बिलही सगळ्याचंच निघतं. पाईप मधेच फुटल्याच्या केसेस कमी. जातात ते जोड: पॅकिंग, फ्लँजचे (दोन पाईप जोडणाऱ्या चपट्या कड्यांचे) बोल्ट, फ्लेक्स आणि लटकवायची रबरं.

सकाळची टक-टक म्हणजे बहुतेक मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा तिथला एखादा तुटका स्टड (हेडमधे बसवलेला, नट लावायचा आटेदार दांडा). गार धातू आकसलेला असतो, फटीतून प्रत्येक फायरिंगला गॅस निसटतो. तापलं की धातू फुगतो, फट मिटते, आवाज जातो. गरम गाडी गॅरेजात नेली तर मेकॅनिकला काहीच ऐकू येणार नाही. म्हणून रात्रभर गाडी तिथंच ठेवा आणि सकाळी पहिल्या स्टार्टला त्याला समोर उभा करा. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा दिसला की लीक तिथंच. मागं कुणीतरी हातमोजा घालून जाड फडक्यानं टेलपाईप दोन-चार सेकंद दाबला तर पुढचा फुसफुस आवाज वाढतो. गार इंजिनवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघता येतात. दोन्ही गोष्टी उघड्यावर करा, बंद गॅरेजात नाही.

अ‍ॅव्हरेजचा संबंध इथंच आहे, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. गॅस बाहेर जातो तर पेट्रोल जास्त का लागावं? कारण पाईपातला दाब एकसारखा नसतो, त्याला ठोके असतात. दोन ठोक्यांच्या मधे दाब क्षणभर पडतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढं धुरात ऑक्सिजन किती ते मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. त्याला वाटतं मिश्रणात हवा जास्त झाली. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तसं कळवतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे सेन्सरच्या आधीचा लीक खिशाला लागतो. सेन्सरच्या बराच मागं असलेला लीक फक्त कानाला लागतो. अशा वेळी काही जण आधी सेन्सरच बदलतात. आधी पॅकिंग बघा.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. लाईनमधे कुठंही बाहेरची हवा मिसळली की टेलपाईपातला धूर पातळ होतो आणि मशीनवर कार्बन मोनॉक्साईड कमी दिसतो.

वासाचं मात्र मनावर घ्या. कार्बन मोनॉक्साईडला स्वतःला रंग नाही, वास नाही. तुम्हाला जो वास येतो तो सोबतच्या बाकी गॅसचा. वास येतोय म्हणजे तोही येतोय. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होणं, मळमळ ही त्याची लक्षणं. प्रवासात आपण ती उन्हावर नाहीतर पित्तावर ढकलतो. दुरुस्ती होईपर्यंत गाडी थांबवून एसीत झोपायचं नाही, लेकरांना तर मुळीच झोपवायचं नाही. डिकी अर्धी उघडी ठेवून सामान नेत असाल तर तेही बंद, मागून धूर सरळ आत ओढला जातो.

आता फ्लेक्स. छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की ते माउंटिंगवर (इंजिन टेकतं त्या रबरी आधारांवर) मागं-पुढं झुलतं, मागची लाईन मात्र बॉडीला टांगलेली. मधला हा तुकडा म्हणजे हाताचं कोपर: दोन्हीकडच्या ताठ हाडांना वाकायला जागा देणारं. आत पातळ स्टीलच्या घड्या, वर तारांची जाळी. जाळी विस्कटली, तारा बाहेर आल्या, काळी झाली की गेला समजा. पण तो का गेला, हे कुणी विचारत नाही. इंजिनचं माउंटिंग बसलेलं असेल, नाहीतर मागचं एखादं रबर तुटून पाईपचं वजन त्याच्यावर आलं असेल. कारण तसंच ठेवून नवा टाकला तर तोही लवकर जाईल. आणि काही ठिकाणी जाळीवरून पत्रा गुंडाळून चारी बाजूंनी वेल्डिंग मारतात, ते तर करूच देऊ नका. कोपर प्लास्टरमधे घातलं की झटका मॅनिफोल्डच्या स्टडवर जातो. तुमची टक-टक अशाच एखाद्या जुन्या जुगाडातून आली असेल तर मला नवल वाटणार नाही. खाली बघून सांगा.

काही मॉडेलात फ्लेक्सऐवजी गोल पॅकिंग आणि स्प्रिंगचे दोन बोल्ट असतात. तो जोड हलण्यासाठीच बनवलाय. बोल्ट ठरलेल्या टप्प्यापर्यंतच आवळायचा. स्प्रिंग पूर्ण दाबली तर जोड जाम होतो.

गतिरोधकावरची खणखण रबरांची. आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ अंश, खाली डांबर तापलेलं, वर पाईप तापलेला, रबर कडक होऊन चिरतं. गाडी गार असताना पाईप हातानं हलवून बघा, बॉडीला किंवा हीट शील्डच्या पत्र्याला लागत असेल तर सापडलं. पत्र्याचा एखादा बोल्ट सडूनही असाच आवाज येतो. एक रबर तुटलं असलं तरी सगळी बदला, स्वस्त असतात.

तुमचं रोजचं तीन-चार किलोमीटर हेही कारणात धरा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांब पल्ल्यावर ते वाफ होऊन जातं. गावातल्या गावात मागचा पाईप पुरता तापतच नाही, पाणी आत साचतं आणि गंज आतून लागतो. बाहेरून आपली काळी माती आहेच. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलात की ती फ्लँजवर लिंपली जाते आणि कितीतरी दिवस ओल धरून ठेवते. पाण्याच्या फवाऱ्यानं खालून धुवा, पण गाडी गार झाल्यावर. तापलेल्या कॅटच्या आत चिनी मातीसारखी जाळी असते, गार पाण्याच्या झटक्यानं तिला तडा जाऊ शकतो. आठवड्यातून एकदा लातूर किंवा नांदेडपर्यंत सलग फिरवलीत तर पाईप कोरडा राहील. डब्याच्या खाली बारीक भोक असतं आणि तिथून पाणी ठिबकतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. कुणी 'गळतंय' म्हणून वेल्ड करू लागला तर थांबवा.

दुरुस्ती करताना जोड उघडला की पॅकिंग नवंच टाका. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशी पेनेट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटून हेड उतरवायची वेळ येते. सेन्सरच्या आधीच्या जोडाला साधं सिलिकॉन लावू देऊ नका, त्याची वाफ सेन्सर खराब करते. सायलेन्सर पेस्ट मागच्या सरकजोडाला चालते, पुढं नाही. सगळी लाईन आधी सैल टांगायची, इंजिनकडून मागं एकेक जोड सरळ करत आवळायचं. वेल्डिंग करायचंच असेल तर पाईप खाली उतरवून. पेट्रोलची टाकी तिथंच शेजारी असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, पिट किंवा रॅम्प असलेलं गॅरेज शोधा.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: बीएस६ गाडीत डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दोन बाजूंना दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या चिरल्या किंवा निसटल्या तरी चेक लाईट लागतो आणि डीपीएफ बाद झाल्याचं निदान होतं. आधी नळ्या बघायला सांगा.

आणखी एक गोष्ट, सोयाबीनच्या दिवसांत ध्यानात ठेवा. मळणीसाठी रस्त्यावर पसरलेल्या काडावरून गाडी गेली की काड पाईपभोवती अडकतं. कॅट चालू गाडीत कित्येकशे अंश तापलेला असतो, धूर निघायला वेळ लागत नाही. पाचटावर, वाळल्या गवतावर गाडी उभी करायची नाही. काडावरून यावं लागलंच तर पुढं थांबून खाली वाकून बघा.

तुमच्या गाडीत क्रम असा ठेवा: उद्या सकाळी गार स्टार्टला टक-टकची जागा, मग फ्लेक्स आणि इंजिन माउंटिंग, मग रबरं. हे झाल्यावर दोन वेळा टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज मोजा. तरीही सुधारलं नाही तर ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग स्कॅनरवर बघू. फ्लेक्सचा आणि मॅनिफोल्डचा फोटो टाकलात तर पार्ट कोणता मागायचा तेही सांगतो. आणि गॅरेजवाल्यानं काही बदललंच तर जुना पार्ट हातात मागून घ्या.