स्पॅम कधीच पाठवला नसताना आमच्या कारखान्याचे मेल काळ्या यादीमुळे परत का येतात?

आपण लिहिले आहे की उद्यमबागेतील आपल्या मशीन शॉपमधून पुण्या-कोल्हापूरच्या ग्राहकांना पाठवलेली कोटेशने मेल नाकारल्याचा ‘५५०’ हा आकडा आणि स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेचे नाव घेऊन परत येतात. बेळगावातील लहान उद्योगांची मेल-व्यवस्था मी पाहतो आणि ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. (सीमाप्रश्नाशी हिचा संबंध नाही, हे इथे हसत का होईना, सांगावे लागते.)

त्या यादीत बहुधा आपल्या कंपनीचे नाव नसतेच, मेल ज्या सर्व्हरवरून निघाला त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्याचा आकडी पत्ता, असतो. ग्राहकाचा सर्व्हर त्या पत्त्याचे आकडे उलट्या क्रमाने मांडून डीएनएसमार्फत (इंटरनेटवरील नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेमार्फत) यादीला विचारतो आणि १२७.०.०.२ यांसारखे उत्तर आले, तर पत्ता यादीत आहे असे समजतो. मेल नाकारण्याचा निर्णय मात्र यादीचा नसून ग्राहकाच्या सर्व्हरचा असतो, म्हणून तिथल्या आयटी विभागाला फोन करून आपला पत्ता अपवादात घालून घेता येतो.

आता परत आलेल्या मेलमधील इंग्रजी मजकूर नीट वाचावा, कारण उपाय त्यावर ठरतो. एसबीएल (स्पॅमहाउसची स्पॅम सुटणाऱ्या पत्त्यांची यादी) असे लिहिले असेल आणि आपण स्वस्त सामायिक होस्टिंग वापरत असाल, तर त्याच पत्त्यावरच्या एखाद्या अनोळखी संकेतस्थळातून स्पॅम सुटला असण्याची शक्यता मोठी आहे. शेजाऱ्याच्या थकबाकीपायी आपल्या दाराला टाळे लागावे तसा हा प्रकार असून तो होस्टिंगवाल्यानेच निस्तरायचा असतो. एक्सबीएल (व्हायरस शिरलेल्या संगणकांच्या पत्त्यांची यादी) असेल तर कार्यालयातील एखाद्या संगणकात व्हायरस शिरला आहे का ते पाहावे. सीएनसी मशीनला जोडलेला, वर्षानुवर्षे अपडेट न केलेला विंडोज संगणक मी सर्वांत आधी तपासतो. पीबीएल हा तर आरोपच नव्हे. ब्रॉडबँडच्या ज्या पत्त्यांवरून थेट मेल जाऊ नयेत, त्यांची ती यादी आहे, आणि स्कॅनर किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर थेट न पाठवता आपल्या मेल-सेवेच्या सर्व्हरमार्फत, पासवर्डसह ५८७ पोर्टवरून (मेल सोपवण्याच्या ठरलेल्या मार्गाने) मेल पाठवू लागले की प्रश्न मिटतो.

एक शक्यता सहसा कोणी तपासत नाही. मजकुरात ‘ओपन रिझॉल्व्हर’ (कोणालाही वापरता येणारा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) असे शब्द असतील, तर आपण यादीत नाहीच: ग्राहकाचा सर्व्हर सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारणा करतो, स्पॅमहाउस त्याला १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा संकेत देते आणि तो सर्व्हर त्यालाच ‘होय’ समजतो. ही दुरुस्ती ग्राहकाकडेच व्हायला हवी.

यादीतून नाव काढण्याचा अर्ज मूळ कारण दूर केल्यावरच करावा, नाहीतर पत्ता पुन्हा यादीत जातो. स्पॅमहाउस त्यासाठी पैसे घेत नाही. काही याद्या लवकर सुटका करण्याचे शुल्क मागतात; माझ्या मते ते भरू नये. होस्टिंगवाला दाद देत नसेल तर मेल दुसऱ्या सेवेकडे न्यावा आणि त्याच दिवशी डोमेनची एसपीएफ नोंद (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी) बदलून डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सुरू करावे.