गोडाने नाही, मातीतून येतात जंत

साडेतीन वर्षांच्या मुलीला गोळी दिल्यावर गांडुळासारखा जंत पडला, चार महिन्यांत पुन्हा तसाच दिसला, आणि सासूबाई गूळ-साखर बंद करा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. ताई, मी पलूस तालुक्यात आशा आहे. गोडाने जंत होत नाहीत. त्यांची अंडी तोंडावाटे पोटात जातात, म्हणून होतात. गोळी पोटातले जंत मारते, नंतर येणाऱ्यांना अडवत नाही.

या जंताची एक मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते. ती शीतून बाहेर पडतात, ओलसर, सावलीच्या मातीत दोन-चार आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि पुढे वर्षानुवर्षंही टिकू शकतात.

घरात संडास आहे म्हणता. पण मुलीची शी कुठे जाते? आमच्या गावात मोठी माणसं संडासात जातात, लहानग्यांना परसात बसवतात आणि ती शी खोऱ्यानं उचलून उकिरड्यावर टाकतात. लेकराची शी, तिचं काय एवढं, असं वाटतं. पण जंत लहान मुलांनाच जास्त, म्हणून अंडीही त्यांच्याच शीत जास्त! मग कोंबड्या उकिरडा उकरतात, मोरीचं पाणी तिथंच मुरतं आणि पोरं त्याच मातीत भातुकली मांडतात. आजपासून शी थेट संडासात टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. ती उचलणाऱ्यानं आणि मुलीनंही साबणानं हात धुवावेत. नखं कापा. कोथिंबीर, मेथी, मुळा वाहत्या पाण्यात पानन् पान धुवा.

पाणी विहिरीचं असेल तर पावसाळ्यात उकळूनच प्या. टीसीएलने, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीने, जुलाबाचे जंतू मरतात, जंतांची अंडी मात्र दाद देत नाहीत.

10 फेब्रुवारीला अंगणवाडीत गोळी मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच, वर्षाच्या आतल्याला नाही. तुमच्या शेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतील तर तिथल्या पोरांनाही घेऊन या. त्यांची मला फार काळजी वाटते, कारण ना संडास, ना नळ, आणि यादीतून तीच सुटतात.

मुलीची शी एकदा तपासून घ्या, दुकानातून गोळ्या आणून परत परत देऊ नका. पोट फुगलं, उलटीतून जंत आला किंवा कळा येऊ लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.