नाशिकहून मुंबई विमानतळ, पहिल्यांदाच एसटीने? जमेल की!

टॅक्सीचे पैसे नक्की वाचतील, फक्त सुरुवातीला एवढं पाळा.

मुंबईच्या गाड्या मुंबई नाक्याजवळच्या महामार्ग स्थानकातून धरा. पाटी दादरची हवी. बोरिवलीची गाडी ठाण्याहून घोडबंदरकडे वळते. नवखे हमखास तिथेच फसतात. घाटकोपरला थांबते का, हे चढतानाच कंडक्टरला विचारा.

हायवेवर उतरलात की रिक्षाने घाटकोपर स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला मेट्रो. मरोळ नाक्याला मेट्रो बदला, तिथून पुढचंच स्टेशन टी-२, म्हणजे विमानतळाचं टर्मिनल २. तिकिटावर टी-१ असेल तर आणखी एक स्टेशन सोडून. टर्मिनल घरीच बघून ठेवा, हे मी प्रत्येकाला बजावतो.

दुसरी चूक वेळेची. अंतर जेमतेम १७० किलोमीटर, पण कसारा घाट आणि भिवंडी-ठाण्याची कोंडी कुणाचंच ऐकत नाही. देशांतर्गत विमानाचं बॅगांचं काउंटरही तासभर आधी बंद होतं. पावसाळ्यात मी आठ तास हाताशी ठेवून निघतो. घरचे हसतात, हसू देत.

महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पहाटेच्या विमानाला मात्र हा मार्ग नको, रात्री मेट्रो बंद असते.