खिचडीची चव आधी कोण घेते?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत शिकते. तेथील पोषण आहार सुरक्षित आहे, याची खात्री आम्ही पालकांनी कशी करावी? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेले शालेय जेवण खाऊन २३ मुले दगावली. त्या दिवशी स्वयंपाकाच्या तेलाला विचित्र वास येत असल्याची तक्रार झाली होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही, हे आजही अस्वस्थ करते. अन्न मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी ते चाखून पाहावे, असा नियम आहे; म्हणून शाळेत जाऊन चवीची नोंदवही अवश्य मागावी, आणि रोजच्या नोंदी एकाच हाताने, एकाच दिवशी भरल्यासारख्या दिसल्या तर मुख्याध्यापकांना स्पष्टपणे विचारावे. तेल, डाळ, तांदूळ कोठे ठेवतात आणि पाणी कोठून येते, हेही पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे हा विषय बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंदवून घेणे हा आपला अधिकार आहे. मुलीने ‘आज भाताला वास येत होता’ असे सांगितले, तर तिला खाण्याचा आग्रह न करता त्याच दिवशी शाळा गाठावी.