थ्रिलर आणि विज्ञानकादंबऱ्या वाचण्यात वेळ फुकट जातो का? घरचे म्हणतात 'जरा चांगलं वाच', त्यांना काय सांगू?

मी साताऱ्याचा. शाळेत असल्यापासून नगर वाचनालयातनं हीच पुस्तकं घरी आणत आलोय आणि अजूनही आणतो, त्यामुळं सरळ सांगतो, अजिबात फुकट जात नाही. का ते सांगायला बंदुकीच्या दोन गोळ्या पुरेत, एक पॅरिसमधली आणि एक पानिपतावरची. (पुढं दोन्ही गोष्टींचा शेवट फुटणार आहे, चालत नसेल तर आधी वाचून या.)

पॅरिसची आधी घेऊ. फ्रेडरिक फोर्साइथचं 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ साली आलं. एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालाय एवढीच गोष्ट. द गॉल १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या घरी वारले, त्यांना कुणी मारलं नव्हतं, हे जगाला माहीत. पुस्तक लिहून झालं तेव्हा तर ते जिवंतच होते, आणि प्रकाशकांनी ते परत पाठवलं ते याच कारणानं, की मारेकरी फसणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहितीये मग पुढं कोण वाचेल? आणि तरी माणूस रात्र रात्र जागून वाचतो! कारण फोर्साइथ 'मरणार का' हा प्रश्न सोडूनच देतो आणि 'कसं करणार' ते दाखवत बसतो. हा माणूस पॅरिसमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा पत्रकार होता, तिथलं वातावरण त्यानं डोळ्यांनी बघितलेलं, १९६२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळ पेटी क्लामारला द गॉल यांच्या गाडीवर खरोखर गोळीबार झाला होता तिथनंच तो कादंबरी उचलतो. मग जॅकल स्मशानात जाऊन लहानपणी वारलेल्या, आज आपल्याच वयाचं असतं अशा पोराचं नाव शोधतो, त्याच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढतो, लंगड्या सैनिकाच्या कुबडीत बसेल अशी बंदूक बनवून घेतो, आणि तिकडं क्लोद लेबेल नावाचा साधासुधा, बायकोचा धाक असलेला पोलीस अधिकारी एकेक धागा धरून त्याच्या मागं. दोघंही आपलं काम मन लावून करतात आणि गंमत म्हणजे आपण दोघांच्याही बाजूचे होऊन बसतो.

शेवटी २५ ऑगस्टला जॅकल नेम धरतो, आणि द गॉल त्याच क्षणी समोरच्या जुन्या सैनिकाच्या गालाचा मुका घ्यायला खाली वाकतात. गोळी डोक्यामागनं जाते. एवढा अभ्यास केलेला इंग्रज माणूस, पण फ्रेंच लोक पदक देताना गालाला गाल लावतात हे त्याच्या हिशोबात नव्हतं. मला हा शेवट थ्रिलरमधला सगळ्यात प्रामाणिक शेवट वाटतो, यात लेखकानं योगायोग आणून टाकलेला नाही, त्या देशाची रीतच आडवी आली.

आता दुसरी गोळी, ती आपल्या घरची. १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरनं उतरून घोड्यावर बसून गर्दीत घुसले, मागं अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये फक्त एवढंच केलं की ती गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून जाते. तिळाएवढा फरक. बाकी काही जादू नाही, भूत नाही, यंत्र नाही. आणि मग तिथनं पुढचा सगळा इतिहास ते वेगळ्या रुळावर चालवतात, मराठे जिंकले, कंपनी सरकारला हातपाय पसरता आले नाहीत, मुंबईत अजून त्यांचा झेंडा आहे पण देश आपला आहे, आणि या मुंबईत आपला इतिहासाचा प्राध्यापक येऊन पडतो नि ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळत चाळत उलटं मागं जातो, की नेमकं कुठं वेगळं झालं? मला तर मारामारीच्या पानापेक्षा हे चाळणं जास्त थरारक वाटतं. साताऱ्याच्या गादीच्या गावात वाढलेल्या माणसाला पानिपत म्हटलं की पोटात कालवतं, आणि इथं कुणीतरी शास्त्रज्ञ शांतपणे सांगतोय की समजा असं झालं असतं, तर काय काय झालं असतं, आणि का.

आणि नारळीकर हौशी लेखक नव्हते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कुणी नंबर द्यायला नको. आणि पहिला नंबर आला! फोर्साइथ आणि नारळीकर दोघंही १९३८ चे, आणि २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या आत दोघंही गेले. मी त्या दिवसांत दोघांची पुस्तकं पुन्हा काढून बसलो होतो.

तर मुद्दा असा. थ्रिलर तुम्हाला घडून गेलेल्या गोष्टीबद्दलही धाकधूक लावतो, आणि विज्ञानकथा त्याच गोष्टीत तिळाएवढं हलवून पुढं काय होतं ते नीट हिशोबानं दाखवते. दोन्ही वाचून जी सवय लागते, की जे झालं ते असंच व्हायला हवं होतं असं नाही आणि कशामुळं काय झालं ते बघावं, ती मला शाळेच्या इतिहासानं लावली नव्हती. शेवट माहीत असून दुसऱ्यांदा वाचवत असेल तर तो थ्रिलर चांगला, नसेल तर तो परत देऊन टाका, मी हीच कसोटी लावतो. धक्क्यासाठी धक्का देणारी बरीच असतात, ती लगेच कळतात.

घरच्या मोठ्यांना मात्र वाद घालून पटणार नाही. त्यांच्या हातात अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' द्या, वाटेगाव म्हणजे आपल्या शेजारच्या वाळव्याचं, सांगली वेगळी व्हायच्या आधी सातारा जिल्ह्यातलंच. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणायला जातो तो प्रसंग, मागं लागलेली माणसं आणि समोर गावची शीव, हे वाचून ज्याचा श्वास अडकत नाही असा माणूस मी बघितलेला नाही. त्याला कुणी हलकं वाचन म्हणत नाही, पण पाठलाग तर तोच आहे ना.

सुरुवात कुठनं करायची म्हणाल तर नारळीकरांच्या कथेपासून, एका बैठकीत संपते. घरात कुणी सीबीएसईच्या अकरावीत असेल तर त्यांच्या इंग्रजीच्या पुस्तकात ती होतीच, 'द अॅडव्हेंचर' या नावानं, घरच्यांना तेही दाखवा. पण तुम्ही मराठीतनंच वाचा, कारण गोळी चाटून गेल्याचं कथेतल्या बखरीतलं वाक्य मराठीत जसं लागतं तसं इंग्रजीत लागत नाही. आणि पाचगणीकडं येणं झालं तर भिलारला थांबा, तिथं २०१७ पासून बऱ्याच घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, त्यातल्या कुठल्याही घरात बसून निवांत वाचता येतं. जॅकल मात्र सुट्टी लागून असेल तेव्हाच उघडा, दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय म्हणून मध्येच ठेवून द्यायचं ते पुस्तक नाही.