आईची केमो थांबवली, आता मॉर्फिन द्यावं की टाटाला न्यावं?

तुमचे दोन प्रश्न आहेत: केमो थांबवल्यावर आईला पुन्हा परळला टाटाला न्यावं का, आणि मामा मॉर्फिन नको म्हणतात त्याचं काय करायचं. आधी मामांचं बघू. 'सवय लागेल' हे नाशिकमधल्या घराघरांत ऐकून कान किटलेत. दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. आणि लागलंच, तर या टप्प्यावर बिघडणार काय आहे?

सिडकोतल्या एका घरी गोळ्यांची पट्टी देवघराच्या खणात, 'अगदीच असह्य झालं तर' म्हणून जपलेली. बाई रात्रभर कण्हत असायच्या, पहाटे मुलगा एक गोळी द्यायचा. ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास, चार तासांनी पुन्हा तेच. वर म्हणायचे, मॉर्फिनचाही उपयोग नाही! होणार कसा? साधी गोळी चार तासच चालते, म्हणून ती घड्याळावर द्यायची, कळ येण्याची वाट न बघता. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6. रात्री 10 ला डॉक्टर बहुधा दुप्पट देतात, म्हणजे 2 ला उठवावं लागत नाही. मध्येच दुखलं तर जादा डोस, साधारण दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग, चिठ्ठीवर लिहूनच घ्या. तो वारंवार लागायला लागला तर मूळ डोस कमी पडतोय.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच बिसाकोडिल किंवा सेना (सोनामुखी) हे पोट साफ करणारं औषध सुरू करा. तसं केलं नाही की पोट फुगतं, उलट्या होतात आणि खापर मॉर्फिनवर फुटतं. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्याच्या पोटात त्याचा गोळा अडकतो. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते.

गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळायच्या नाहीत. 2014 ला अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यता असलेली हॉस्पिटलं ठेवतात. सिव्हिलच्या पॅलिएटिव्ह (वेदना कमी करून आराम देणाऱ्या) विभागात आधी चौकशी करा.

परळचं म्हणाल तर फाइल आणि स्कॅनची सीडी घेऊन तुम्ही एकटेच जा. दुसरं मत कागदांवरूनही मिळतं, आईला कसारा घाटातून हादरे कशाला?

जेवायला बळजबरी नको, ठसका लागून घास फुफ्फुसात जातो. अगदी शेवटी मामा सलाईनचा आग्रह धरतील. तेव्हा ते पाणी अंगावर सूज आणतं, घशातली घरघर वाढवतं. ओठ आणि तोंड ओल्या कापसाने पुसत राहा, दर दोन तासांनी कूस बदला.

हो, क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला किडनीचा आकडा) वाढलेलं असेल तर हे वेळापत्रक जसंच्या तसं चालत नाही. मॉर्फिन अंगात साचतं, हातपाय झटके देतात, भास होतात. तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा, मनाने डोस बदलू नका आणि एकदम बंदही करू नका. फॅमिली डॉक्टरला आत्ताच घरी बोलावून आईला दाखवून ठेवा. घरीच गेल्या तर 4ए फॉर्मवर मृत्यूचं कारण त्यांनाच लिहायचं असतं, आणि कधी न बघितलेल्या पेशंटसाठी रात्री दोनला कुणी सही करत नाही.