डॉक्टरांना विचारा: नाळेतलं रक्त साठवायचं का?

प्रश्न: मी राजारामपुरीत राहते, सातवा महिना चालू आहे. चेकअपला गेले की बाकावर बसल्या बसल्या एक मुलगा येऊन फाईल उघडतो, नाळेतलं रक्त साठवा, पुढं बाळाला कॅन्सर होऊदे नाहीतर शुगर, त्याचंच रक्त त्याला उपयोगी पडणार, ७० हजार फक्त, ईएमआयपण आहे. मिस्टर तयार आहेत, सासूबाई नको म्हणतात. काढताना बाळाला दुखतं का?

उत्तर: दुखत नाही ताई. नाळ कापून बाळ बाजूला झालं की वारेकडं राहिलेल्या नाळेच्या शिरेत सुई घालतात आणि खाली धरलेल्या पिशवीत रक्त आपसूक उतरतं, पाचेक मिनिटांचं काम. एरवी ते वारेबरोबर दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं. फक्त पिशवी भरावी म्हणून नाळ कापायची घाई करू देऊ नका, १ ते ३ मिनिटं थांबलं की त्यातलं बरंच रक्त बाळाच्या अंगात जातं, लोह मिळतं, आणि ते त्याच्या हक्काचं आहे.

आता त्या फाईलचं. नाळेतल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल असतात हे खरंच आहे, उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये त्या वर्षानुवर्षं टिकतात. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया या जन्मजात रक्ताच्या आजाराच्या एका मुलावर पहिल्यांदा नाळेतल्या रक्तानं उपचार झाला, पण रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं! खरी मेख इथंच आहे. थॅलेसेमियासारखा (अंगात रक्त नीट तयार न होण्याचा) आजार जीनमधूनच आलेला असेल तर तोच दोष साठवलेल्या रक्तातही असणार, आणि लहानपणीच्या ब्लड कॅन्सरची सुरुवात कधीकधी जन्माआधीच झालेली असते, मग तेच रक्त परत देऊन काय उपयोग? शुगर, ऑटिझम वगैरेवर हा अजून सिद्ध झालेला उपचार नाही. शिवाय एका पिशवीतल्या सेल लहान पोराला पुरतात, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा कमीच पडतात. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाईडलाईन्समध्येसुद्धा, घरात या सेलनी बरा होणारा आजार कुणाला नसताना खाजगी बँकेत साठवायची शिफारस नाही. सासूबाईंचं ऐका, ७० हजार बाळाच्या नावावर पोस्टात टाका.

प्रश्न: गांधीनगरहून लिहितोय. थोरल्याला थॅलेसेमिया मेजर आहे, दर ३-४ आठवड्याला रक्त चढवावं लागतं. मिसेसला परत दिवस गेलेत. धाकट्याचं नाळेतलं रक्त थोरल्याला चालेल का?

उत्तर: दादा, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही जरूर साठवायचा विचार करा. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण, ती जुळली तरच दुसऱ्याच्या सेल अंगाला मानवतात) पूर्ण जुळायची शक्यता ४ त १ असते. पण तुम्ही दोघं कॅरियर आहात, स्वतःला त्रास नाही पण दोष मुलांत जाऊ शकतो, म्हणजे या बाळालाही मेजर असायची शक्यता तेवढीच, तेव्हा ती तपासणी आधी. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन ती होते, त्यातच एचएलएही बघता येतं. बाळ निरोगी निघालं आणि जुळलं, तर थोरल्याच्या रक्तविकार तज्ज्ञांना आणि डिलिव्हरी करणाऱ्या डॉक्टरांना आधीच एकमेकांशी बोलायला लावा, ऐन कळा सुरू झाल्यावर पिशवी शोधत बसायला नको. रक्त कमी भरलं तरी हिरमुसू नका, बाळ जरा मोठं झालं की त्याच्या बोनमॅरोची (हाडातल्या मगजाची) जोड देता येते.

कितवा आठवडा ते तुम्ही लिहिलेलं नाही. १३ च्या आत असाल तर याच आठवड्यात जा, उलटून गेले असतील तर १६ च्या सुमाराला गर्भजल तपासून तेच कळतं.